ज्ञानूच्या तोंडाचा फर्मा

मुखवटा धड उतरला तर आपल्या पदरात काय काय पडेल, ते मनुबाईनं मनाशी मोजून ठेवलं होतं. पहिलं म्हणजे लोणंदला जावं लागणार नव्हतं. दुसरं, आटपाडीच्या पेठेतलं आठ बाय सहाचं दुकान कोंडीबाच्या घशात जाणार नव्हतं. तिसरं, दाराजवळच्या पोत्यावर बसून चपलांच्या चामडी वेण्या वळायचं सोडून आतल्या पाटावर, कापायच्या दगडासमोर बसायला मिळणार होतं. मुखवट्याचे पैसेही येणार होते, पण ते तिनं चौथ्या नंबरला टाकले होते. आणि मनुबाई पैसे चौथ्या नंबरला टाकते म्हणजे वरचे तीन किती वजनाचे असतील, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

तिचा नवरा ज्ञानू पेठेतला जुना चप्पल करणारा. त्याच्या हातच्या जोडाला सहा-सहा वर्षं मरण नसे, असं गिऱ्हाइकं सांगत. आणि म्हणूनच सहा-सहा वर्षं ती परत फिरकत नसत. दिवाळीपासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला. बशीतला चहा ओठाला पोचायच्या आत धोतरावर सांडे. कातडं कापायची रापी धरली की कड नागमोडी. सांगलीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि धारेच्या हत्यारापासून लांब राहा म्हणून सांगितलं. गोळ्यांनी चहा सांडायचा थांबला, कड मात्र सरळ झाली नाही.

घरात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. बाईनं वेणी वळायची, टाके घालायचे, तेल चोळायचं. कातडं कापायचं ते पुरुषानं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. मनुबाईनं तीस वर्षांत वळलेल्या वेण्या एकापुढं एक जोडल्या तर विट्यापर्यंत पोचल्या असत्या, पण रापी तिनं उचलली असेल ती फक्त केर काढताना, बाजूला ठेवायला.

विट्यात ज्ञानूचा चुलतभाऊ कोंडीबा याचं तयार रेक्झिनच्या चपलांचं दुकान होतं. तो संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला आणि तोडगा देऊन गेला. लोणंदच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा आहे, ठेकेदार ओळखीचा आहे, खोली मिळेल. दादानं खुर्चीवर बसावं, आटपाडीचं दुकान मी बघतो. ज्ञानूनं दोन दिवस विचार केला आणि शब्द देऊन टाकला. एक मार्चला किल्ली. मनुबाईला त्यानं हे सांगितलं ते ती पीठ मळत असताना. तिनं कणकेला जरा जास्तच बुक्के मारले, एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दुकानापुढं मोटारसायकल थांबली. माळावरच्या वस्तीतला भाऊसो धनगर आणि मागं त्याची मुलगी प्रांजल. प्रांजल कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"मनुमावशी, मला चामड्याचा मुखवटा पायजे. तोंडावर घालायचा."

"कशाला गं? जत्रंला?"

"गॅदरिंग हाय शनवारी. आपण मनानं एक रूप घ्यायचं, तसा सगळा पोशाख करायचा आन् स्टेजवर यायचं. मी मेंढरांची राणी हुणार हाय. दुसऱ्या जगातली."

भाऊसो पायरीवर टेकला होता. तो कुणाकडं न बघता म्हणाला, "निम्मी मेंढरं इकून हिची फी भरली. आन् आता ही स्वोताच मेंढरू हून दाखवणार."

"राणी, आण्णा. मेंढरू न्हाई."

"राणी मेंढराची म्हंजे मेंढीच की गं."

प्रांजलनं मोबाईलवर चित्रं दाखवली. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत चामडं, डोळ्यांना फटी, आणि दोन्ही बाजूंना कानापर्यंत पोचलेल्या कडा. "कानापर्यंत आलाच पायजे मावशी. तितंच शिंगं बांधायची हायत. शिंगं मैत्रिणीनं थर्माकोलची केल्यात. कड आली न्हाई तर शिंगं लोंबत्याली."

ज्ञानूनं आतून मान हलवली. "आमी पायाचं काम करतो, पोरी. तोंडाचं न्हाई करत."

"करू की," मनुबाई म्हणाली.

ज्ञानूनं तिच्याकडं बघितलं. "कोण करणार?"

"मी."

"रापी तू धरणार?" तो हसला, आणि भाऊसोसमोर हसला म्हणून ते हसणं जरा मोठंच झालं.

"धरीन. तुमचा एक हात बसलाय, माझं दोन चालत्यात."

हे बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. ज्ञानूनं उजवा हात मांडीखाली घेतला. मग म्हणाला, "बरं. हे काम तुझ्या हातनं धड झालं, पोरीनं शनवारी तोंडाला लावलं, तर कोंडीबाला किल्ली न्हाई. न्हाई झालं, तर मुकाट्यानं बोचकं बांधायचं. परत कुरकुर ऐकायचा न्हाई मी."

"भाऊसो, ऐकलंसा न्हवं?" मनुबाईनं विचारलं.

"ऐकलं की," भाऊसो म्हणाला. "पर मला साक्षीला वडू नका. मला घरातबी हेच काम हाय."

मग माप घ्यायचं ठरलं. या घरात माप घ्यायची रीत एकच. गिऱ्हाइकानं कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवायची, झालं. मनुबाईनं गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढलं, त्याची पाठ वर करून जमिनीवर अंथरली आणि प्रांजलला म्हणाली, "निज."

प्रांजल डोकं कागदावर ठेवून उताणी पडली. मनुबाईनं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पेन्सिल फिरवली. डोळे कुठं येतात, नाक कुठं संपतं, ते बोटांनी मोजून खुणा केल्या. प्रांजल गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. ज्ञानूनं बघितलं, भाऊसोनं बघितलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलीनं तर स्वतः तिथं डोकं टेकलं होतं. पाय सपाट असतो आणि तोंडाला मध्येच नाक नावाचा डोंगर असतो, हे चौघांपैकी एकालाही आठवलं नाही.

सोमवारी मनुबाईनं कातडं काढलं. रेडकाचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, पातळ आणि एकसारखं. ज्ञानूनं चांगल्या गिऱ्हाइकासाठी दोन वर्षं राखून ठेवलेलं. असं एकच होतं. तिनं ते दगडावर पसरलं, दोन्ही हातांनी इकडून तिकडून ताणून बघितलं. पाठीकडचा भाग ताणला जात नव्हता, पोटाकडचा ओढेल तसा देत होता. वेणीच्या बारीक पट्ट्या ज्यांनी आयुष्यभर ओढल्या, त्या बोटांना हे डोळे मिटूनही कळतं. घट्ट भाग तिनं नाकाकडं घेतला, देणारा भाग कानांकडं.

ज्ञानू पेपर घेऊन पाठ करून बसला होता. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

रापी तिला वाटली त्यापेक्षा जड लागली. पहिल्या कापात कड वाकडी गेली, पण तो काप तिनं मुद्दाम रेघेच्या बाहेर घेतला होता. दुसऱ्यापासून रापी रेघेवर आली. कपाळाच्या बाकाला आल्यावर तिनं श्वास धरला आणि रापीऐवजी कातडं फिरवलं. मागून आवाज आला, "कोपर अंगाला लाव." तिनं कोपर अंगाला लावलं. पेपर फडफडला.

मंगळवारी तिनं कातडं घमेल्यात भिजत घातलं, बुडबुडे थांबेपर्यंत. पिळून काढलं आणि बघावं म्हणून ज्ञानूच्या तोंडावर टाकलं. नाकावर चढलं, गालावर उतरलं आणि गालाच्या हाडापाशीच संपलं. कानाला अजून तीन बोटं बाकी.

मनुबाईनं कातडं काढलं, परत टाकलं. तीन बोटं ती तीनच राहिली. कॅलेंडरवरची रेघ कानापासून कानापर्यंत होती, कातडं रेघेबरहुकूम होतं, आणि तरी कान बाहेर. ती तशीच मटकन बसली. दुसरं कातडं नव्हतं. कोल्हापूरला जाऊन आणायचं तर जाण्यायेण्यात आणि निवडण्यात एक दिवस, मग परत कापणं, भिजवणं, वाळवणं; शनिवार काही थांबणार नव्हता.

ज्ञानूनं कातडं हातात घेऊन चाचपलं. त्याच्या तोंडावर "मी म्हणलं नव्हतं का" हे वाक्य येऊन उभं राहिलेलं तिला दिसलं. पण बोटं कडेवर गेली आणि तिथंच थांबली.

"पोटाकडची बाजू कानाला ठेवलीयास?"

"व्हय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? कळतंय की."

तो बराच वेळ कातडं ताणत बसला. "दोन बोटं दील हे. ओलं आसताना, हळू. पर खाली काय तरी टणक पायजे, तोंडाच्या आकाराचं. फर्मा."

चपलांचे लाकडी फर्मे भिंतीवर ओळीनं टांगले होते, सगळे पायाचे. मनुबाईनं घरातली घागर बघितली, तांब्या बघितला, शेवटी नवऱ्याकडं बघितलं.

"न्हाई," ज्ञानू म्हणाला.

बुधवारी दुपारी तो दुकानात घोंगडं टाकून उताणा पडला. दाढी केलेली, तोंडाला खोबरेल फासलेलं. मनुबाईनं श्वासासाठी दोन भोकं पाडली, ओलं कातडं तोंडावर बसवलं, खालची कड ओठांवरून हनुवटीखाली घेऊन बांधून टाकली. ती फाजील कड मागून कापायची होती. "आता बोलायचं न्हाई. हलायचं न्हाई. जबडा हालला की सुरकुती पडंल. कळलं आसंल तर बोट हालवा."

बोट हललं. थरथरतच हललं, पण तो दोष हुकमाचा नव्हता.

तिनं अंगठ्यानं नाकाच्या कडा दाबल्या, भुवयांचा उंचवटा काढला, हाडाच्या पट्टीनं गालाची घळ घोटली. पण बाजू ओढायच्या तर दोन्ही बाजूंनी एकदम ओढायला पाहिजेत, आणि घोटायला तिसरा हात. ती गुडघ्यानं एक कड दाबून धरत होती, तेवढ्यात दारात कोंडीबा उभा राहिला. हातात मोजायची टेप. रॅक बसवायच्या म्हणून भिंतीचं माप घ्यायला आला होता.

"हे काय वैनी? दादाला काय झालं?"

"काय न्हाई. गिऱ्हाइकाचं काम हाय. भावजी, जरा ही कड धरता? दोन मिण्टं."

कोंडीबा तसा मदतीला वाईट नव्हता. फुकटात भिंत मोजायची होती, तेव्हा बदल्यात दोन मिनिटं द्यायला हरकत नव्हती. तो मांडी घालून बसला. मनुबाईनं त्याच्या दोन्ही हातांत दोन्ही बाजूंच्या कडांचे दोर दिले. "सारखं वडा. झटका न्हाई. म्हशीची धार काढल्यावानी." आणि ती घोटायला लागली.

दोन मिनिटांची वीस झाली. उन्हानं पत्रा तापला, कोंडीबाच्या कानशिलावरून घाम निथळायला लागला. गप्प बसून ओढायचं काम त्याला जड गेलं. आणि समोरच्या माणसाला तोंडच दिसत नसलं, की तो माणूस घरात नाही असंच वाटतं.

"तुमचं बरं झालं बघा वैनी," तो म्हणाला. "दादाच्या हातात आता काय राहिलं न्हाई. पेठंत लोक हसायला लागलं हुतं. त्यो आप्पासो सांगत हुता, ज्ञानूकडनं जोड घेतला, दोन्ही डाव्या पायाचंच वाटत्यात."

"वडा, भावजी."

"वडतोय की. आन् एक सांगतो, तुमच्या कानावर आसू द्या. ती वॉचमनची जागा कवाच भरली. आता हाय ती साफसफाईची. फरशा पुसायच्या, संडासं धुवायची. तितं गेल्यावर कळंलच. आदी सांगितलं तर दादा यायचा न्हाई, म्हणून म्हणलं गप बसावं."

मनुबाईचा अंगठा ज्ञानूच्या गालावर होता. कातड्याखाली काहीतरी टणक झालं. दात दातांवर बसले होते. जबड्याच्या हाडाची गाठ वर आली आणि तशीच राहिली. घोंगड्यावरचा उजवा हात एकदा उठला आणि परत आडवा झाला. जबडा मात्र हलला नाही. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

ती बोलायला गेली असती तर बरंच बोलली असती. पण कातडं त्याच घडीला द्यायला लागलं. डाव्या बाजूची कड कानाकडं सरकली, मग उजवी.

"सोडू नका भावजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच गोड वाटला. "लय चांगलं वडताय. तुमच्यासारखा हात न्हाई कुणाचा."

कोंडीबानं दीड तास ओढलं. शेवटी त्याची बोटं वळेनात, तेव्हा कुठं कातडं कडक व्हायला लागलं. त्यानं हात झटकले, भिंत मोजली, आकडे मोबाईलमध्ये टाकले आणि "येतो मग एक तारखेला" म्हणून गेला. ज्ञानू तेव्हा अजून घोंगड्यावरच होता.

कातडं उतरवलं तर त्याचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत तपकिरी झालेलं. बाभळीच्या सालीचा रंग सगळा उतरला होता. मनुबाई पाणी घेऊन आली. त्यानं तोंड धुतलं, रंग हलला नाही. तिला वाटलं, आता कोंडीबाचं काढील. त्यानं मुखवटा उचलून उजेडाकडं धरला.

"जुंधळं भरून सावलीत ठेव," तो म्हणाला. "उन्हात ठेवलास तर पापडावानी मुडपंल."

तिनं जोंधळ्याचं गाठोडं मुखवट्यात दाबून भरलं. गुरुवारी ते वाळलं. कड कानाला एक बोट कमी होती, तिथं तिनं दोन्हीकडून रुंद वेणी वळून टाचली; तेवढं काम तर तिला झोपेतही जमलं असतं. शुक्रवारी तिनं ओठाखालची कड कापून काढली, डोळे पाडले, तेल चोळलं. डोळे पाडताना ज्ञानू समोर बसून होता. पेपर घेतला नव्हता.

शनिवारी दोघं पहाटेच्या एस.टी.नं कराडला निघाली. विट्याला गाडी बदलली. मुखवटा मनुबाईच्या मांडीवर, टॉवेलात. ज्ञानूच्या तपकिरी तोंडाकडं कंडक्टरनं दोनदा बघितलं, तिकीट देताना एकदा आणि सुटे देताना एकदा.

कॉलेजच्या हॉलमागच्या खोलीत मुलींची गर्दी होती. कुणी पऱ्या, कुणी राक्षस, एकीला सहा हात. प्रांजलनं लोकरीचा झगा घातला होता. तिनं मुखवटा घेतला, तोंडाला लावला. मनुबाईनं मागं बंद बांधले आणि वेणीवर दोन्ही शिंगं आवळली. शिंगं हलवून बघितली. बसली होती. मनुबाईचा जीव खाली आला, पण तिनं तो तसाच अर्ध्यावर धरून ठेवला.

"नाकात लय जागा हाय, मावशी."

"नाक काकाचं हाय. तुजं कुठनं आणू?"

"श्वासाला बरं हाय." प्रांजल आरशाकडं वळली आणि एक पाऊल मागं सरकली. बाजूच्या मुलीही बघायला लागल्या. आरशातल्या तोंडानं आत दात आवळले होते. गालांवर जबड्याची गाठ उभी होती. कुणीतरी काहीतरी वाईट बोललंय, ते ऐकून घेतलंय आणि अजून उत्तर दिलेलं नाही, असा तो चेहरा.

"किती राग हाय हिला," सहा हातांची म्हणाली. "कसा काय आणला?"

मनुबाईनं ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूनं खिडकीकडं बघितलं.

स्टेजवर प्रांजल नुसती चालत आली आणि थांबली. हॉलमधली शिट्ट्यांची पोरं दोन क्षण शिट्टी विसरली. खुर्चीवरचा भाऊसो पुढं वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आयला, ज्ञानूचं नाक!" नंबर तिसरा आला. पहिला खोक्यांचा यंत्रमानव झालेल्या पोराला गेला. पण पैज नंबराची नव्हतीच. पैज मुखवटा तोंडाला लावण्याची होती, आणि तो लावला गेला होता.

बाहेर लिंबाखाली ज्ञानूनं मोबाईल काढला. डाव्या हातानं नंबर लावला.

"कोंडीबा, किल्ली मिळायची न्हाई... न्हाई म्हंजे न्हाई... शबुद दिलता, व्हय. परत घेतला... कुणी भरवलं म्हंजे? तूच की. बुधवारी." त्यानं जरा ऐकून घेतलं. "आरं गड्या, तोंड झाकलं हुतं. कातडं कानापतुर आलंच न्हवतं."

फोन बंद करून त्यानं खिशात टाकला. मग लिंबाला पाठ टेकून तो हसायला लागला. तपकिरी तोंडातून दात तेवढे पांढरे दिसत होते. दिवाळीपासून तो असा हसला नव्हता. मनुबाईनं अर्ध्यावर धरलेला जीव तेव्हा कुठं सोडला आणि टॉवेल झटकून घडी घातला.

"उद्यापास्नं पाटावर तू बस," तो म्हणाला. "मी गिऱ्हाइकाशी बोलतो. तोंड अजून चालतंय."

"तेच लय चालतंय," ती म्हणाली.

आता कुणी काय भरलं ते बघू. प्रांजलनं ठरलेले पैसे दिले, ते तिसऱ्या नंबराच्या बक्षिसातून भागले, म्हणजे तिचं जागच्या जागी. भाऊसोनं पेट्रोल भरलं आणि महिनाभर माळावर जो भेटेल त्याला मुलीचा फोटो दाखवून स्वतःची कुरकुर फुकट घालवली. कोंडीबानं दीड तास दोन्ही हात दिले, विट्याहून येण्याजाण्याचं भाडं दिलं, आणि भिंतीचं माप तेवढं त्याच्याकडं शिल्लक राहिलं. ज्ञानूनं तीस वर्षांचा पाट दिला आणि आठवडाभर तपकिरी तोंडानं पेठेत हिंडून वर व्याज दिलं.

मनुबाईचं देणं सोमवारी आलं. दोन्ही डाव्या पायांच्या जोडाचं गाऱ्हाणं सांगत फिरणारा आप्पासो चप्पल हातात घेऊन दुकानात शिरला आणि सवयीनं ज्ञानूच्या अंगावर ओरडायला लागला, डावी चावतेय, टाचेला फोड आलाय, माणसाला जनावर समजता काय. ज्ञानूनं ऐकून घेतलं आणि बोटानं आत दाखवलं. आप्पासो वळला. पाटावर बाई बघून घटकाभर थांबला, पण फोड ताजा होता. त्यानं त्याच शिव्या पहिल्यापासून पुन्हा, आता तिच्या नावानं दिल्या. मनुबाईनं एकही परत केली नाही. चप्पल घेतली आणि कागद अंथरून म्हणाली, "पाय ठेवा."